माळावरचा मातकट पक्षी: चंडोल, तिरचिमणी की आणखी कोणी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. इंदूरला सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या पलीकडे, प्लॉट पाडून तारेचं कुंपण घातलेल्या रिकाम्या जमिनीकडे तुम्ही जून लागल्यापासून रोज सकाळी फिरायला जाता. तिथे साधारण चिमणीपेक्षा जरा मोठा, मातकट, पाठीवर रेघा असलेला पक्षी गात गात वर जातो आणि परत खाली येतो. एकदा तो तारेवर बसलेलाही दिसला. तुम्ही दोन फोटो काढलेत. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपने एकाला ओरिएंटल स्कायलार्क म्हटलं, दुसऱ्याला पॅडीफील्ड पिपिट. ऑफिसातले मित्र म्हणाले, "चंडोल आहे हो, त्यात काय बघायचं." आता यातलं कोण बरोबर, दुर्बीण कोणती घ्यावी, आणि मोबाइलवर आवाज लावून पक्ष्याला जवळ आणलं तर चालेल का, हे तुम्हाला हवंय.

पहिली शंका मला त्या दोन फोटोंबद्दलच आहे. ते एकाच पक्ष्याचे आहेत हे तुम्ही धरून चाललाय. तसं असेलही, पण इंदूरच्या आसपास अशा एका तुकड्यावर जूनमध्ये तीन-चार जातींचे मातकट पक्षी एकाच वेळी विणीत असतात, आणि त्यातले जवळजवळ सगळे उडता उडता गातात. कारण सरळ आहे. बागेतल्या पक्ष्याला गायला फांदी मिळते. उघड्या माळावर फांदी नाही, मग आवाज लांबवर पोचवायचा तर हवेत चढावंच लागतं. घरटं जमिनीवर, चरणं जमिनीवर, वर कापशी घार आणि खरुचीसारखे शिकारी पक्षी फिरत असतात, त्यामुळे पाठीचा रंग जमिनीसारखा असणंही सगळ्यांनाच सोयीचं. म्हणजे तुम्ही टिपलेल्या दोन्ही खुणा, मातकट रेघांची पाठ आणि उडत गाणं, या सगळ्यांत सामाईक आहेत. ॲपने दोन नावं दिली आणि दोन्ही बरोबर निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आकाराचंही सांगतो. चिमणी साधारण १५ सेंटिमीटर, तिरचिमणी, म्हणजे पॅडीफील्ड पिपिट, तेवढीच, बुशलार्क नावाचा झुडपी चंडोल १४ च्या आसपास, स्कायलार्क १६. पन्नास पावलांवरून हा फरक डोळ्याला कळत नाही. शिवाय उघड्यावर, शेजारी माप घ्यायला काही नसताना, प्रत्येक पक्षी आपल्याला असतो त्यापेक्षा मोठाच वाटतो. आकार सध्या बाजूला ठेवा.

मी नव्या माणसाला माळावर नेतो तेव्हा पहिल्या दिवशी पुस्तक उघडू देत नाही. एकच काम सांगतो: पक्षी वर गेला की तो पुन्हा कशावर तरी टेकेपर्यंत नजर काढायची नाही. बहुतेक जण तो वर चढताना बघतात, मग दुर्बीण सावरतात, कॅमेऱ्याची सेटिंग बदलतात, आणि तेवढ्यात तो खाली आलेला असतो. या मंडळींची ओळख पटते ती उतरताना. कुठून उडाला, किती उंच गेला, वर किती वेळ राहिला, कसा उतरला आणि कशावर बसला, एवढं नीट पाहिलं तर छातीवरची एकही रेघ न बघता आपल्या भागात बऱ्याचदा नाव सांगता येतं.

आता एकेकाचं. मराठी नावं जिल्ह्यागणिक बदलतात, म्हणून ॲपमध्ये शोधायला सोपं जावं यासाठी इंग्रजी नावंही देतोय.

इंडियन बुशलार्क, म्हणजे तांबूस पंखांचा झुडपी चंडोल, बहुधा झुडपाच्या शेंड्यावरून, कुंपणाच्या खांबावरून किंवा एखाद्या दगडावरून उडतो. फार वर जात नाही, दहा मीटरच्या आसपास. मग पंख पाठीवर उचलून ताठ धरतो, पाय खाली लोंबते सोडतो आणि छत्री उघडून सोडल्यासारखा तरंगत, गातच, खाली येतो. पुन्हा त्याच झुडपावर किंवा शेजारच्या खांबावर बसतो. गाणं बारीक, शिट्टीवजा, सुट्या सुट्या सुरांचं. कान तीक्ष्ण नसतील तर वाऱ्यात ऐकूही येत नाही. उडताना पंखात तांबूस पट्टा स्पष्ट दिसतो, बसला की तो बराचसा झाकला जातो. चोच जाडसर, मान आखूड, अंगाने गोळीबंद.

ओरिएंटल स्कायलार्कचं सगळं याच्या उलट. तो जमिनीवरून उठतो आणि चढतच राहतो, इतका की शेवटी ठिपका होतो, कधी कधी तोही सापडत नाही. गाणं न थांबता चालू असतं, मिनिटामागून मिनिटं, त्यात खंड शोधायला जावं तर सापडत नाही. उतरताना टप्प्याटप्प्याने खाली येतो आणि शेवटच्या भागात पंख मिटून सरळ जमिनीवर. झुडपाच्या शेंड्यावर तो क्वचितच दिसेल. डोक्यावर छोटा तुरा असतो, पण तो उभा केला तरच दिसतो, त्यामुळे "तुरा नव्हता" यावरून काहीच ठरत नाही.

डोंबारी, म्हणजे ॲशी-क्राउन्ड स्पॅरो-लार्क. याला एकदा पूर्ण उड्डाणात पाहिलं की पुन्हा कधी विचारावं लागत नाही. नर पंख फडफडवत उभा वर जातो, मग पंख मिटून डोकं खाली करून सुळकी मारतो, जमिनीला लागणार असं वाटत असतानाच पुन्हा वर उचलला जातो, परत सुळकी, परत वर. प्रत्येक सुळकीबरोबर एक लांब शिट्टी. असं बराच वेळ केल्यावर एखाद्या ढेकळावर बसतो. नराचं पोट काळं, गाल पांढरट आणि डोक्यावर राखाडी टोपी असल्यामुळे तो सोपा आहे. मादी मात्र साधी, वाळूच्या रंगाची आणि जाड चोचीची. नवखे लोक तिला चिमणीची मादी समजून पुढे जातात.

तिरचिमणी, पॅडीफील्ड पिपिट, चंडोल नाहीच. ती परीट-धोबी पक्ष्यांच्या कुळातली. तिचं गाणं म्हणजे चिप् चिप् चिप् अशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, आणि तेवढ्यापुरतं लाटेसारखं खालीवर होत केलेलं छोटं उड्डाण. उंची बेताची, थाट काही नाही. उडताना शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात. दचकून उडाली तरी चिप् म्हणतेच.

मुरारी, रूफस-टेल्ड लार्क, हा आपल्या काळ्या जमिनीचा खास पक्षी. अंगाने गडद तपकिरी, छातीवर ठळक रेघा नाहीत म्हणण्याइतक्या फिक्या, आणि शेपटी विटकरी, टोकाला काळा पट्टा. गहू-हरभरा निघाल्यावर नांगरून टाकलेल्या शेतात बघा. बसलेला असेल तर ढेकूळ आणि तो यात फरक करता येत नाही. उडाला की शेपटीचा रंग चमकतो आणि विषय संपतो.

आणि शेवटचा साइक्सचा चंडोल. टोकदार तुरा, पोटाकडून तांबूस, छातीवर मोजक्या बारीक रेघा. दगडगोट्यांच्या, मुरमाच्या कोरड्या जमिनीवर राहतो आणि दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला बेमालूम करतो. माळावर आजूबाजूला नसलेल्या पक्ष्यांचे आवाज एकाच जागेवरून एकामागून एक येऊ लागले तर तुऱ्याचा शोध घ्या. हा फक्त भारतात, त्यातही मुख्यतः द्वीपकल्पात आणि मध्य भारतात सापडतो. थोडं विषयांतर करतो: ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते कर्नल साइक्स म्हणजे खडकीच्या १८१७ च्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर उभे राहिलेले कंपनी सरकारचे अधिकारी. पुढे दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम मिळालं तेव्हा त्यांनी पक्ष्यांचीही यादी केली आणि १८३२ मध्ये या चंडोलाचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याच्या एक वर्ष आधी, १८३१ मध्ये, जेम्स फ्रँकलिन यांनी मुरारी आणि ओरिएंटल स्कायलार्क या दोघांची पहिली शास्त्रीय वर्णनं दिली होती, गंगेकाठी आणि आपल्याच विंध्याच्या रांगेत गोळा केलेल्या नमुन्यांवरून. तुम्ही ज्याच्यावरून डोकं खाजवताय ते दोनशे वर्षांपूर्वीही लोकांनी खाजवलं आहे.

इथवरचं थोडक्यात: झुडपावरून झुडपावर, तरंगत उतरला तर बुशलार्क. ठिपका होऊन जमिनीवर कोसळला तर स्कायलार्क. सुळक्या मारल्या तर डोंबारी. चिप् चिप् करत लाटेसारखा गेला तर तिरचिमणी.

हे ठोकताळे आहेत, कायदे नाहीत, आणि ते कुठे फसतात तेही सांगायला हवं. जूनमध्ये माळव्यात पाऊस यायच्या आधी नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो. अशा वाऱ्यात बुशलार्क अर्ध्यातच उतरतो, स्कायलार्क नेहमीइतका चढत नाही. म्हणून एका उड्डाणावर निकाल देऊ नका. त्याच जागेवर तोच पक्षी पुन्हा पुन्हा वर जातोच, चार वेळा बघा. दुसरं, ही गाण्याची उड्डाणं नर करतो. तारेवर गप्प बसलेला पक्षी मादी असू शकते किंवा मुळातच वेगळी जात असू शकते. गाणारा आणि तारेवरचा हे एकच आहेत असं तुम्ही लिहिलंय, पण त्याला तारेवरून उडून गाताना पाहिलंत का? ते मला कळलं तर माझं अर्धं उत्तर तिथेच होतं. तिसरं, सिंगिंग बुशलार्क नावाचा एक भाऊबंद आहे. त्याच्याही पंखात तांबूस रंग असतो, पण शेपटीच्या कडा पांढऱ्या असतात. इंडियन बुशलार्क समजून पुढे जाण्याआधी शेपटी बघा.

गाणं थांबलं, पक्षी खाली उतरला, आणि आता तो गवतात चालतोय. इथे चंडोल आणि तिरचिमणी वेगळी करायची असतील तर रंग विसरून चाल बघा. तिरचिमणी सडपातळ, पाय लांब, छाती पुढे काढून ताठ उभी. चार पावलं पळते, थांबते, शेपटी खालीवर हलवते, पुन्हा पळते. चोच बारीक. चंडोल खाली दबून चालतो, भीती वाटली तर जमिनीला चिकटून बसतो आणि अगदी पायाखाली येईपर्यंत उडत नाही. चोच जाडसर, शेपटी त्या मानाने आखूड. संग्रहालयात काम करणारे लोक चंडोल ओळखायला पायाच्या नळीच्या मागच्या बाजूचे खवले बघतात, पण त्यासाठी पक्षी हातात हवा, आणि तो आपल्याला हातात नकोच आहे.

पिसांबद्दल आत्ता मी फारसा भर देत नाही याला कारण महिना आहे. चंडोल वीण संपल्यावर वर्षातून एकदा सगळी पिसं बदलतात. म्हणजे जूनमध्ये तुम्हाला जो प्रौढ पक्षी दिसतो त्याची पिसं जवळजवळ वर्षभर उन्हात आणि मातीत झिजलेली असतात. कडा उडालेल्या, रंग विटलेला, रेघा पुसट. पुस्तकातलं चित्र ताज्या पिसांचं असतं, आणि मग माणूस म्हणतो, "हा यातला कोणताच नाही." त्यातच पहिल्या वेताची पिल्लं उडायला लागलेली असतात. त्यांच्या पाठीवर रेघांऐवजी फिक्या कडांची खवल्यांसारखी नक्षी असते. ती काही आठवड्यांत जाते, पण तेवढ्या काळात ॲपला आणि अनुभवी माणसालाही चकवते. तुमचा दुसरा फोटो पाठवाल तेव्हा पाठीवर अशी नक्षी आहे का ते मी आधी बघेन.

हिवाळ्यात हेच गणित बदलतं. उत्तरेकडून तांबूस-वाळूच्या रंगाची टॉनी पिपिट येते. तिच्या डोळ्यापासून चोचीपर्यंत गडद रेघ असते, आपल्या कायमच्या तिरचिमणीला ती जागा फिकी असते. ग्रेटर शॉर्ट-टोड लार्कचे मोठे थवे पडीक शेतांवर उतरतात, छाती साधी आणि खांद्याजवळ दोन काळसर डाग. पण तुमचा प्रश्न जूनचा आहे, तेव्हा ही मंडळी इथे नसतात, म्हणून त्यांच्यात वेळ घालवत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर इंदूर जिल्हा निवडून महिन्यांचा तक्ता उघडलात तर कोण कधी असतं हे एका नजरेत कळतं. ओळखण्याआधी निम्मी नावं खोडायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

मर्लिनबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. ॲप चांगलं आहे, मीही वापरतो. पण फोटोवरून ते बघतं रंग, आकार, रेघा, म्हणजे नेमकं तेच जे या पक्ष्यांत सारखं आहे. पक्षी कसा उतरला हे त्याला माहीत नसतं, ते तुम्हालाच माहीत असतं. आवाजावरून ओळखण्याचा पर्याय इथे फोटोपेक्षा जास्त कामाचा, तोही वारा नसताना. ॲपचं उत्तर निकाल म्हणून घेऊ नका. दोन उमेदवार मिळाले म्हणा आणि त्यांच्यातला फरक शोधायला पुन्हा माळावर जा.

दुर्बिणीचं पटकन. ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली. १०×४२ ने पक्षी मोठा दिसतो पण हातातली थरथरही मोठी दिसते, दृश्य अरुंद होतं, आणि सुळक्या मारणाऱ्या डोंबाऱ्याला त्या अरुंद चौकटीत धरून ठेवणं कठीण जातं. पहाटेच्या कमी उजेडातही आठची बरी पडते. दुकानात जाऊन डोळ्याला लावून बघा, चष्मा असेल तर चष्म्यासकट. ऑनलाइन सेलमधली "१०० पट झूम" वाली घेऊ नका, एवढंच.

दुर्बिणीपेक्षा तुम्ही कुठे आणि केव्हा उभे राहता याने जास्त फरक पडतो. सूर्य पाठीशी हवा. जूनमध्ये साडेआठनंतर जमीन तापून हवा थरथरायला लागते, मग कितीही महागड्या लेन्सने काढलेला फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. त्यानंतर फोटोचा नाद सोडून नुसतं ऐकावं. फिरत राहू नका. रोज चालायला जाता म्हणून तुम्हाला पक्षी तुटक तुटक दिसतोय. एके दिवशी व्यायाम बुडवा, कुंपणाबाहेर एका जागी बसा, गाडी असेल तर गाडीतच बसा. पक्ष्यांना माणसाच्या उभ्या आकृतीची जितकी भीती वाटते तितकी उभ्या गाडीची वाटत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत माळ तुम्हाला विसरतो आणि पक्षी आपलं काम सुरू करतात. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा आणि त्यातच बोलून टाका: कुठून उडाला, कशावर बसला. घरी येऊन आठवून लिहिलेलं आणि तिथे बोललेलं यात फार फरक पडतो, कारण घरी आल्यावर आपण पुस्तकात बघून मग "आठवतो".

आता आवाज लावून जवळ बोलावण्याबद्दल. नको. जून म्हणजे ऐन विणीचा काळ. तुम्ही लावलेलं गाणं नराला दुसऱ्या नराने केलेलं अतिक्रमण वाटतं. तो खाणं सोडून, पिल्लांना भरवणं सोडून, नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. तुम्हाला मिळतो एक घाबरलेला, तुरा ताठ केलेला पक्षी आणि त्याचा नेहमीचा स्वभाव मात्र दिसतच नाही. ओळखायलाही ते वाईटच, कारण उतरण्याची जी पद्धत आपल्याला बघायची आहे ती तो अशा वेळी करतच नाही.

घरट्यांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तुम्ही ज्या जमिनीवर चालताय तिच्यात ती असणारच. ढेकळाच्या किंवा गवताच्या झुबक्याच्या आडोशाला एक उथळ खळगा, त्यात गवताची छोटी वाटी, ठिपके असलेली दोन-तीन-चार अंडी. वरून बघून सापडत नाही, पाय पडल्यावर सापडतं. पक्षी चोचीत किडे घेऊन खांबावर बसलाय, खाली उतरत नाही, तुमच्याकडे बघून सारखा ओरडतोय, याचा अर्थ तुम्ही घरट्याच्या आणि त्याच्या मध्ये उभे आहात. आल्या पावली मागे व्हा. किती मागे, याचं ठरलेलं माप नाही. तो खाली उतरला की पुरेसं झालं. घरटं सापडलंच तर वाकून फोटो काढू नका, गवत बाजूला करू नका. कावळे माणूस कुठे थांबला ते बघून ठेवतात आणि तुम्ही गेल्यावर तिथे उतरतात. मुंगूस तुमच्या वाटेने येतो. फिरायला येणाऱ्यांबरोबर मोकळे कुत्रे असतात. आपल्या शेजाऱ्यांना सांगता आलं तर पावसाळा संपेपर्यंत कुत्रा पट्ट्यात ठेवायला सांगा. प्रत्येक जण ऐकेल असं नाही, पण दोघांनी ऐकलं तरी घरटी वाचतात.

तुम्हाला एकाच जागेवर अडकून राहायचं नसेल तर जागा बदलून बघा, कारण जमीन बदलली की उमेदवार बदलतात. महू-मानपूरच्या बाजूला, जानापावच्या पायथ्याशी मुरमाड उतार आहेत, तिथे बुशलार्क आणि साइक्सचा चंडोल शोधा. देपालपूर-हातोदकडे काळी नांगरट, तिथे मुरारी आणि डोंबारी. यशवंत सागरच्या काठची आणि सिरपूर तलावाच्या मागची ओलसर गवताळ पट्टी तिरचिमणीला आणि स्कायलार्कला आवडते. ही दोन्ही पाणथळं २०२२ पासून पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत, त्यामुळे सगळे दुर्बिणी पाण्याकडे वळवून बसतात आणि पाठीमागच्या गवतात काय गातंय ते कोणी बघत नाही. कोणी सैलाना किंवा सरदारपूरला जा म्हणेल. ती दोन्ही खरमोर अभयारण्यं १९८३ मध्ये झाली आणि पावसाळ्यात तिथे तणमोराची, म्हणजेच खरमोराची, वीण असते. हा पक्षी २०२१ पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त गटात आहे. चंडोल बघायला त्या दिवसांत तिथल्या बीडात शिरण्याचं काही कारण नाही. जायचंच तर वन विभाग सांगेल त्या वाटेने.

बीड म्हणजे चाऱ्यासाठी राखलेलं गवत, हे इंदूरकराला सांगायला नको. पण नव्याने आलेल्यांना प्लॉटिंगच्या पाट्यांखालचं गवत रिकामं वाटतं. "मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी पग-पग नीर" असं अभिमानाने म्हणतो आपण, आणि त्यात ज्या जमिनीतून रोटी निघत नाही तिला जागाच उरत नाही. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशातही झुडपी माळ 'पडीक'मध्येच धरला जातो. मग दर पावसाळ्यात उत्साही मंडळी तिथे खड्डे खणून झाडं लावतात, आणि झाडं वाढली की चंडोल निघून जातात. तुमच्या त्या तुकड्यावर पुढच्या वर्षी काय असेल हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून नाव नक्की झालं की ई-बर्डवर नोंद टाका, अनिश्चित असेल तर "बुशलार्क प्रकारचा" अशीच टाका. कच्च्या खात्रीने टाकलेल्या पक्क्या नावापेक्षा ती नोंद जास्त उपयोगाची.

तुमच्या पक्ष्याबद्दल माझा कल विचाराल तर, तारेवर बसण्यावरून गाणारा इंडियन बुशलार्क असावा असं वाटतं, आणि ॲपने ज्याला पिपिट म्हटलं ती शेजारी चरणारी खरीखुरी तिरचिमणी. स्कायलार्कला मी शेवटचं मत देईन. पण तुम्ही उतरताना पाहिलेलं नाही, म्हणून ठामपणे सांगत नाही. तीन गोष्टी पाठवा: वारा पडलेला असताना केलेलं मिनिटभराचं रेकॉर्डिंग, तारेवरच्या पक्ष्याचा बाजूने काढलेला फोटो ज्यात चोच आणि मिटलेला पंख दिसेल, आणि पूर्ण उड्डाण बघून लिहिलेल्या चार ओळी. पाऊस लागून कुसळी गुडघ्याएवढी झाली की जमिनीवरचं काही दिसणार नाही, आणि मोज्यांमधून कुसळं काढण्यातच सकाळ जाईल, तेव्हा हे येत्या आठ-दहा दिवसांतच उरका.